डाळिंबाच्या बदल्यात काय दिलं?

नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत भारत-अमेरिका व्यापार धोरण मंचाची बैठक झाली आणि त्यात शेतमालाचा एक छोटा व्यवहार ठरला. आपला आंबा आणि डाळिंब अमेरिकेच्या बाजारात जाणार. त्यांची चेरी आणि अल्फाल्फाचा वाळला चारा आपल्याकडे येणार. दोन वस्तू तुमच्या, दोन आमच्या. अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. सांगोला-मंगळवेढ्याकडे दारात गाय असलेल्या कुणालाही ती माहीत असते.

अशी बातमी आली की सोलापूरकराचं लक्ष डाळिंबाकडे जाणार, हे साहजिक आहे. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच केगावला आहे आणि भगव्या वाणावर कित्येक तालुक्यांचं अर्थकारण उभं आहे. पण त्याच व्यवहारात चेरी आहे, लसूणघास आहे, आणि ती कुणीतरी ‘दिलेली’ आहे. सोलापुरात चेरी पिकत नाही. ती काश्मीर-हिमाचलात पिकते. म्हणजे मिळालं सांगोल्याला, आणि मोजायची वेळ आलीच तर ती तिकडच्या बागायतदारावर.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाटाघाटी समजून घ्यायच्या तर इथूनच सुरुवात करावी. मिळवणारा एक असतो, मोजणारा दुसरा असतो आणि दोघांची सहसा गाठही पडत नाही. आपला जिल्हा या बाबतीत वेगळा आहे. इथं टॉवेल, साखर, डाळिंब, दूध, ज्वारी, सोयाबीन सगळं एकाच जिल्ह्यात आहे. त्यामुळे मिळवणारा आणि मोजणारा अनेकदा एकाच एसटीत शेजारी बसलेले असतात. म्हणून हा विषय आपण तरी नीट समजून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

कर कमी केला तर आपण काय गमावतो?

आयात कर आपलंच सरकार लावतं आणि शेवटी तो भरतो आपलाच ग्राहक. कर उतरला की माल स्वस्त होतो, म्हणजे पहिला फायदा घरातल्याच माणसाचा. असं असताना वाटाघाटीत कर उतरवण्याला ‘सवलत दिली’ का म्हणतात? जणू आपल्या खिशातून काही काढून दुसऱ्याला दिलं!

याचं उत्तर राजकारणात आहे. फायदा कोट्यवधी घरांत पसरतो. प्रत्येकाच्या वाट्याला किलोमागे दोन-चार रुपये येतात आणि तेवढ्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. तोटा मात्र ठरावीक लोकांच्या अंगावर पडतो. दुधाचा दर लिटरमागे पाच रुपयांनी पडला तर दूध उत्पादक रस्त्यावर उतरतो, आणि त्यानं उतरूही नये असं कोण म्हणेल? त्यामुळे एकतर्फी कर उतरवायला कुठलंच सरकार धजावत नाही. वाटाघाटी यातून वाट काढतात. बदल्यात समोरच्या देशाचाही कर उतरला की आपला निर्यातदार सरकारच्या बाजूने बोलायला लागतो. दूधवाला ‘नको’ म्हणतो, तेव्हा टॉवेलवाला ‘हवं’ म्हणतो. मंत्र्याला समोरच्या देशाशी जेवढी घासाघीस करावी लागते, तेवढीच घरातही करावी लागते, आणि बहुतेक वेळा घरातली जास्त अवघड असते.

१९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी ‘गॅट’ हा आयात कर आणि व्यापाराचा करार केला. भारत त्या २३ मध्ये होता. तेव्हाची पद्धत सरळ होती. दोन-दोन देशांनी बसायचं, एकानं मागण्यांची यादी द्यायची, दुसऱ्यानं देऊ शकणाऱ्या वस्तूंची. त्यात एक महत्त्वाचा नियम होता, तो आजही आहे. काही देशांनी आपापसात केलेले वेगळे व्यापार करार असे अपवाद सोडले तर एका सदस्याला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना द्यावी लागते. म्हणजे अमेरिकेसाठी उतरवलेल्या कराचा लाभ ब्राझीललाही फुकटात मिळतो. म्हणून ज्या वस्तूचा सगळ्यांत मोठा पुरवठादार जो देश, त्याच्याशीच त्या वस्तूवर बोलायचं, म्हणजे फुकटात जाणारं कमी राहतं.

सदस्य वाढले तशी जोड्यांची पद्धत कोलमडली आणि सूत्रं आली. त्यातलं एक ‘स्विस सूत्र’ गाजलं. त्यात एक गुणक ठरवतात. गुणक आणि जुना कर यांचा गुणाकार करायचा, त्याला त्या दोघांच्या बेरजेने भागायचं, की नवा कर निघतो. गुणक २० धरला तर १०० टक्क्यांचा कर साधारण १७ वर येतो आणि १० टक्क्यांचा साधारण ७ वर. ज्याचा कर जास्त, त्याच्यावर मोठी कुऱ्हाड. भारतासारख्या देशाचे कर जास्त होते, त्यामुळे हा गुणक किती असावा या एका आकड्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. बाहेरून पाहणाऱ्याला ती गणिताची चर्चा वाटते, पण त्या आकड्याच्या पोटात कारखाने असतात.

ज्वारीवर शून्य कर बांधला होता

या वाटाघाटींत दोन वेगळे कर असतात आणि त्यांची गल्लत सर्रास होते. एक आज प्रत्यक्ष लावला जाणारा कर. दुसरा बांधील कर, म्हणजे ‘याच्यावर आम्ही कधीच जाणार नाही’ असं जगाला लिहून दिलेली कमाल मर्यादा. सौदा होतो तो मुख्यतः बांधील कराचा.

याचा चटका भारताला कसा बसू शकला असता ते पाहा. गॅटच्या जुन्या काळात आपण तांदूळ, मका, ज्वारी, भरड धान्यं, दूध पावडर अशा काही वस्तूंवर शून्य टक्के बांधील कर लिहून दिला होता. होय, ज्वारीवरही. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, त्या पिकाला करारात करभिंतच नव्हती. काही दशकं याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण आयात परवाने आणि संख्येवरचे निर्बंध होते. माल येतच नव्हता, मग कर शून्य असला काय आणि शंभर असला काय?

पण १९९० च्या दशकात अमेरिकेनं या निर्बंधांविरुद्ध गॅटच्या जागी आलेल्या जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि भारत हरला. निर्बंध उठवणं भाग पडलं. शेवटची यादी एप्रिल २००१ मध्ये मोकळी झाली. त्याआधी, १९९९ च्या अखेरीस, भारतानं घाईनं या वस्तूंचे बांधील कर पुन्हा वाटाघाटी करून वाढवून घेतले. दूध पावडरीचं असं ठरलं की वर्षाला १०,००० टन १५ टक्के करानं येऊ द्यायची, त्यावरच्या मालाला ६० टक्के. ज्वारी, मका, तांदूळ यांनाही भिंत मिळाली. हे फुकट झालं नाही. बांधील कर वाढवायचा तर ज्यांचं नुकसान होणार त्या देशांना दुसऱ्या वस्तूंवर भरपाई द्यावी लागते, असा गॅटचा नियमच आहे. ती दिली गेली. आज आपल्या दूध संघाला परदेशी पावडरीपासून जे संरक्षण आहे, त्यामागे त्या वर्षीची ही खटपट आहे. ज्या अधिकाऱ्यांनी ती वेळेत केली त्यांचं नाव कुणाच्या तोंडी नाही, याचं मला वाईट वाटतं.

सगळंच सावरलं गेलं नाही. पाम तेलाचा बांधील कर ३०० टक्के आहे आणि सोया तेलाचा ४५. म्हणजे जगात सोया तेल कितीही पडलं तरी सरकार ४५ च्या वर आयात शुल्क नेऊ शकत नाही. बार्शीच्या सोयाबीनवाल्याला भाव पडल्यावर ‘सरकारनं आयात शुल्क वाढवावं’ असं वाटतं, तेव्हा छप्पर कुठे आहे हे त्याला ठाऊक असावं.

शेतमालावरच्या भारताच्या बांधील कराची सरासरी सुमारे ११३ टक्के आहे, प्रत्यक्ष कराची २०२३ मध्ये सुमारे ३९ होती. ही मधली जागा वाटाघाटीत फार उपयोगी पडते. ११३ चे ८० केले तर कागदावर मोठी सवलत दिसते आणि आज एका रुपयाचाही फरक पडत नाही. समोरच्याच्या हेही लक्षात येतं. म्हणून तो म्हणतो, प्रत्यक्ष कर उतरवा. आपला माणूस म्हणतो, उद्याची मोकळीक सोडतोय हे काय कमी आहे? दोघांचंही म्हणणं खरं असतं. माझ्या मते उद्याची मोकळीक हीच खरी मोठी किंमत आहे, कारण ज्याला ती लागणार आहे तो शेतकरी आज बैठकीत नसतो आणि आपल्याला ती लागेल हे त्यालाही माहीत नसतं.

कांदाचाळ कुणाकडे आहे?

आपल्या सिद्धेश्वर बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. भाव पटो न पटो, तो त्याच दिवशी विकावा लागतो आणि हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. उन्हाळी कांदेवाल्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे चाळ असेल तर तो ‘राहू द्या’ म्हणून माल परत नेऊ शकतो. दोघांचा कांदा सारखाच चांगला असेल, पण बोलण्यातलं वजन सारखं नसतं. वाटाघाटीत ताकद येते ती इथूनच. करार मोडला तर माझं काय होईल, आणि तुझं काय होईल?

मोठी बाजारपेठ असलेल्या देशाचं वजन जास्त असतं ते यामुळेच. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत ‘आरसेप’मधून बाहेर पडला. आशियातल्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या देशांच्या या मोठ्या करारात न्यूझीलंडचं दूध आणि चीनचा कारखानी माल यांची भीती होती. ‘नको’ म्हणणं भारताला परवडलं, कारण त्यातल्या बहुतेक देशांशी त्याचे वेगळे करार आधीच होते. नकाराचीही किंमत होतीच. त्या गटातल्या पुरवठा साखळ्या आपल्याशिवाय विणल्या गेल्या. तरी दुधाच्या बाबतीत तो निर्णय मला बरोबर वाटतो.

आता उलट बाजू. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५, असा एकूण ५० टक्के जादा कर लावला. सुती टेरी टॉवेलवर त्यांचा मुळातला कर ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेव्हा एकूण ५९ च्या घरात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणला जातो तो गिऱ्हाइकाच्या मापानं. लांबी-रुंदी त्याची, जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागचं वजन त्याचं, बॉर्डर त्याची, कधी हॉटेलचं नावही त्यातच विणलेलं. अशी ऑर्डर थांबली की तो माल नवी पेठेतल्या दुकानात खपत नाही. लूमवर कामाप्रमाणे पगार असलेल्या कामगाराला तर चाळ नाहीच. तिकडे वॉशिंग्टनमधल्या वाटाघाटीकाराला हे माहीत असतं. आणि त्याची मागणी काय असते? मका, सोयाबीन, इथेनॉल आणि दूध-दुभत्याला बाजार उघडा.

ही मागणी काल-परवाची नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेनं भारताला विकसनशील देश म्हणून मिळणारी करसवलत काढून घेतली. तिच्यामागे ज्यांच्या तक्रारी होत्या त्यांत अमेरिकी दुग्ध उद्योग होता. भारताची अट अशी की रक्ताचं किंवा मांसाचं खाद्य दिलेल्या जनावराचं दूध-लोणी-चीज चालणार नाही, तसं प्रमाणपत्र हवं. त्यांच्या दृष्टीनं हा व्यापारातला अडथळा, आपल्या दृष्टीनं श्रद्धेचा प्रश्न, आणि त्याच्या आडोशाला उभे असलेले दोन-चार गाई पाळणारे लाखो शेतकरी. थोडक्यात, टॉवेलवर बसलेल्या कराचा आणि पंढरपूर-सांगोल्याच्या दुधाच्या दराचा थेट संबंध एका टेबलावर जोडला जातो.

एकाच दिवशी दोन दारं

वेगवेगळ्या विषयांची अशी सांगड घालणं हे या वाटाघाटींचं मुख्य काम आहे. फक्त टॉवेलवर बोलायचं ठरवलं तर करार होणारच नाही, कारण त्यात एकालाच मिळतं. दुसऱ्याला हवं असलेलं काहीतरी त्यात घालावं लागतं. १९८६ ते १९९४ च्या गॅट वाटाघाटींत, म्हणजे उरुग्वे फेरीत, हे सर्वात मोठ्या प्रमाणावर झालं. तेव्हाचा नियम होता, सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही. निवडक घेता येत नव्हतं. आख्खं गाठोडं घ्या किंवा बाहेर राहा.

विकसनशील देशांना हवं होतं कापड. १९७४ पासून श्रीमंत देशांनी ‘मल्टिफायबर’ कराराखाली कापड आणि कपड्यांवर देशवार कोटे लावले होते. किती टॉवेल, किती चादरी, किती शर्ट पाठवायचे, सगळं मोजून. श्रीमंत देशांना हवे होते पेटंटचे कडक नियम. आपल्याकडे १९७० च्या कायद्यानं औषधाच्या प्रक्रियेला पेटंट मिळे, औषधाला नाही. त्यामुळे तेच औषध दुसऱ्या पद्धतीनं बनवून स्वस्तात विकता येई. सौदा झाला. कोटे जातील, औषधांना पेटंट येईल. दोन्ही आश्वासनं आपल्याबाबतीत १ जानेवारी २००५ या एकाच दिवशी पूर्ण झाली. त्या दिवशी टॉवेलचा कोटा संपला आणि औषधाचं पेटंट सुरू झालं. दवाखान्याचं बिल भरणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

त्यातही बारीक अक्षरातली गंमत पाहा. कोटे टप्प्याटप्प्यानं उठणार होते. १९९५ ला आयातीच्या १६ टक्के मालावरचे, १९९८ ला १७, २००२ ला १८ आणि उरलेले तब्बल ४९ टक्के अगदी शेवटच्या दिवशी. शिवाय पहिल्या टप्प्यांत कुठला माल मोकळा करायचा हे आयात करणारा देशच ठरवणार होता. त्यांनी ज्यावर मुळात कोटा फारसा अडवत नव्हता असाच माल आधी मोकळा दाखवला. शब्द पाळला आणि दहा वर्षं काही दिलंही नाही. तेव्हापासून भारतीय वाटाघाटीकार टप्प्यांच्या तक्त्याकडे संशयानं बघतात, ते योग्यच आहे. करारात ‘काय मिळालं’ याच्याइतकंच ‘कितव्या वर्षी मिळालं’ हे वाचायला हवं.

सांगड उलट्या दिशेनंही वापरता येते. डिसेंबर २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या बालीतल्या बैठकीत ठरलं की सीमाशुल्काची कागदपत्रं सोपी करणारा करार सगळे करतील. तो मुख्यतः मोठ्या निर्यातदारांना हवा होता. बदल्यात हमीभावानं धान्य खरेदी करून रेशनवर देण्याच्या योजनांना तात्पुरता कायदेशीर दिलासा मिळेल. जुलै २०१४ मध्ये पहिला करार पक्का करायची वेळ आली, तेव्हा भारत अडून बसला. त्यांचं काम झालं की आमचं कोण बघणार, हा सरळ हिशोब. जगभर टीका झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तडजोड निघाली, की कायमचा तोडगा निघेपर्यंत दिलासा चालू राहील. कायमचा तोडगा ठरलेल्या मुदतीत आलाच नाही. भारत तेव्हा अडला नसता तर आज हातात काय असतं, याचा विचार करून बघावा.

ब्रिटनशी झालेला करार वाचताना

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सही झाली. सोलापूरच्या दृष्टीनं त्यातली मोठी गोष्ट कापडाची. कापड, कपडे आणि टॉवेल-चादरींसारख्या तयार मालावर तिथं १२ टक्क्यांपर्यंत कर होता, तो शून्य करायचं ठरलं. बांगलादेश आणि पाकिस्तानचा असा माल तिथं आधीपासून विनाकर जात होता. टॉवेलमध्ये पाकिस्तान आपला जुना प्रतिस्पर्धी आहे. तेव्हा हा शून्य म्हणजे पुढे जाणं कमी आणि बरोबरीत येणं जास्त.

दिलं काय? व्हिस्कीवरचा १५० टक्के कर आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर येणार. मोटारींवरचा १०० टक्क्यांच्या वरचा कर ठरावीक संख्येपुरता १० टक्क्यांपर्यंत उतरणार. दूध-दुभतं आणि सफरचंद मात्र भारतानं यादीतून बाहेर ठेवलं. म्हणजे इथं टॉवेलची किंमत दुधानं मोजली नाही, व्हिस्की आणि मोटारींनी मोजली. ब्रिटनकडे विकायला महाग व्हिस्की आहे म्हणून हे जुळलं. अमेरिकेकडे विकायला मका आणि दूध आहे, म्हणून तिथं जुळणं अवघड गेलं. समोरच्याला काय विकायचं आहे यावर आपल्यातला कोण मोजणार हे ठरतं.

सही झाली म्हणजे गाडी सुटली असंही नाही. करारातला शून्य कर मिळायला माल ‘इथला’ असल्याचं सिद्ध करावं लागतं. सूत कुठलं, विणलं कुठं, याचे कागद लागतात. सोलापूरच्या टॉवेलला हे तुलनेनं सोपं जावं, कारण कापूस आणि सूत इथलंच. पण कागद नीट नसतील तर कंटेनर बंदरावर पूर्ण कर भरूनच सुटतो.

शेतमालाला याहून वेळ लागतो, कारण तिथं कराच्या पलीकडे कीड-रोगांचे नियम असतात. ऑस्ट्रेलियानं भारतीय डाळिंबाला २०२० मध्ये तत्त्वतः दार उघडलं. कामाची पद्धत ठरून त्यावर सह्या व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. सोलापूर भागातलं ५.७ टन भगवा डाळिंब समुद्रमार्गे निघालं डिसेंबर २०२४ मध्ये. अमेरिकेचंही तसंच. कीड जाऊ नये म्हणून मालावर वाशीच्या केंद्रात विकिरण (किरणांची) प्रक्रिया करायची, मग तो पाठवायचा. मार्च २०२५ मध्ये सुमारे १४ टन डाळिंबं जहाजानं न्यूयॉर्कला पोचली. २०२१ चा तो आंबा-डाळिंब-चेरी-लसूणघासीचा व्यवहार जहाजापर्यंत यायला तीन वर्षांच्या वर गेली.

साखरेचं अडकलेलं प्रकरण

साखर कारखान्यांची जेवढी गर्दी आपल्या जिल्ह्यात आहे तेवढी राज्यात क्वचितच कुठे असेल, म्हणून हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. विषय होता उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान भाव, आणि साखर निर्यातीचं अनुदान. १९९४ च्या शेती करारात विकसनशील देशांना एका पिकासाठी त्याच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत आधार देण्याची मुभा आहे. किमतीचा आधार मोजताना आजचा सरकारी भाव घेतात आणि तुलना करतात १९८६ ते १९८८ च्या जागतिक किमतीशी. इतक्या जुन्या आकड्याशी तुलना केली की आधार फुगलेला दिसणारच. तो पाया तेव्हा मान्य केला गेला आणि आजही त्याचीच झळ बसते.

भारताचा मुद्दा होता की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, मग तो सरकारी आधार कसा? डिसेंबर २०२१ मध्ये तज्ज्ञ मंडळानं हा मुद्दा फेटाळला. भाव सरकारनं कायद्यानं बांधलाय, पैसे कुणाच्या खिशातून येतात याला महत्त्व नाही, असा त्याचा अर्थ. भारतानं अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिकेनं नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. त्यामुळे निकाल लागूनही लागू नाही. एफआरपी शाबूत आहे, हा सध्यापुरता दिलासा. पण शेती अनुदानावर पुन्हा वाटाघाटी होतील तेव्हा हा निकाल समोरच्यांच्या फाइलमध्ये सर्वात वर असेल.

कोडपुढचा आकडा

प्रत्येक कराराच्या आधी वाणिज्य मंत्रालय उद्योगांकडून सूचना मागवतं. त्या जातात निर्यात परिषदांमार्फत. सुती मालासाठी टेक्सप्रोसिल, यंत्रमागासाठी पीडेक्सिल, फळांसाठी अपेडा हे सरकारी प्राधिकरण. तिथं ‘आमच्या मालाला बाजार मिळावा’ एवढं लिहून भागत नाही. एचएस कोड, म्हणजे त्या मालाचा सीमाशुल्कातला क्रमांक, द्यावा लागतो. सुती टेरी टॉवेलचा ६३०२६०, डाळिंबाचा ०८१०९०१०. त्यापुढे समोरच्या देशाचा आजचा कर, प्रतिस्पर्धी देशाला लागणारा कर, आणि शून्य कितव्या वर्षी हवा ते लिहायचं. ज्याच्या कोडपुढे काही लिहिलेलं नसतं, त्याचा कोड दुसऱ्या कुणासाठी तरी देऊन टाकायला सोपा पडतो.

दूध पावडरीचा शीर्षक क्रमांक आहे ०४०२. त्यापुढे काय लिहावं हे गावच्या दूध संस्थेला कुणी विचारत नाही. ते राज्याच्या आणि देशाच्या महासंघांवर सोडलेलं असतं. पर्याय ‘द्या’ आणि ‘देऊ नका’ एवढे दोनच नसतात. वस्तू पूर्ण बाहेर ठेवता येते. ठरावीक टन कमी करानं येऊ देऊन वरच्या मालाला भिंत ठेवता येते, १९९९ च्या दूध पावडरीसारखी. दहा-पंधरा वर्षांत हळूहळू कर उतरवता येतो. आयात एकदम वाढली तर तात्पुरता कर परत चढवण्याचं कलमही घालता येतं. २००८ मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींची, म्हणजे दोहा फेरीची, बोलणी फिसकटली ती याच कलमावर. आयात नेहमीच्या तुलनेत किती वाढल्यावर शेतकऱ्यासाठी कर चढवता यावा? मसुद्यात नेहमीच्या आयातीच्या १४० टक्के होतं, भारताला ते ११० च्या जवळ हवं होतं.

सोलापुरात टॉवेल कारखानदार आणि दूध उत्पादक यांच्या वेगवेगळ्या संघटना आहेत आणि दोघांची निवेदनं दिल्लीला वेगवेगळ्या वाटांनी जातात. अमेरिकेशी होणाऱ्या वाटाघाटीत या दोघांनाच एकमेकांसमोर उभं केलं जातं. लूमवरच्या कामगाराचा भाऊ गावाकडे गाई सांभाळतो, असं आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. ६३०२६० पुढे काय मागायचं आणि ०४०२ पुढे किती टनांवर थांबायचं, हे दोन्ही संघटनांनी सोलापुरात एका टेबलावर बसून लिहावं आणि एकच निवेदन दोघांच्या सह्यांनी पाठवावं. मंत्रालयात रोज येणाऱ्या कागदांत असा कागद विरळाच असतो.